पैसे वेळच्या वेळी कापले जावेत म्हणून

कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तेव्हापासून खोताला जमिनीचा खंड निमूटपणे घालायची आपली सवय मोडली होती. ती ऑटोपेने, म्हणजे ठरल्या दिवशी खात्यातून आपोआप पैसे कापणाऱ्या सोयीने, परत लावली. खोताला निदान माणूस तरी पाठवावा लागे, ऑटोपेला तेवढीही तसदी नाही.

हा नवा खंड चुकू नये असं वाटत असेल तर मुहूर्तापासून लक्ष घाला. चतुर्थीचा दिवस उत्तम. घर चाकरमान्यांनी भरलेलं, आरती आणि भजनाच्या मध्ये कुणाला तरी मॅच बघायची असते आणि ती दाखवणाऱ्या ॲपची सात दिवसांची ट्रायल फुकट असते. फोन आजोबांचा घ्या, ईमेल मुंबईच्या भाच्याचा द्या आणि यूपीआय आयडी काकूंचा टाका. काकू मोदकाच्या उकडीत हात असताना ‘कसला रे पिन?’ म्हणत पिन टाकतात. सात दिवस भरतात तेव्हा भाचा परतीच्या गाडीत दाराशी उभा असतो, त्याचा मेल त्यालाच उघडायला जमत नाही, आणि आजोबांना आपल्या फोनवर काय चालू आहे याची गंधवार्ता नसते.

पिन टाकण्याआधी फक्त वरचा मोठा आकडा बघायचा. तो एक-दोन रुपयांचा असतो आणि बहुतेक वेळा परतही येतो. खाली बारीक अक्षरात दर किती दिवसांनी, जास्तीत जास्त किती रक्कम आणि कधीपर्यंत, हे तिन्ही लिहिलेलं असतं. महिन्याचे २९९ ठरलेले असले तरी कमाल रकमेची चौकट त्याहून बरीच वर असू शकते आणि मुदत काही वर्षांची. मँडेट, म्हणजे पैसे कापत राहायची ही परवानगी, एकदा मंजूर झालं की पुढचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते पिन किंवा ओटीपी न विचारता जातात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ही मर्यादा ५,००० वरून वाढवली, तेव्हा आपल्या २९९ ला भरपूर मोकळं रान आहे.

ट्रायल घेतल्याच्या दिवशीच रद्द करायचा आगाऊपणा करू नका. बऱ्याच सेवा रद्द केल्यावरही उरलेले दिवस चालू ठेवतात, पण काही लगेच बंद करतात. कुठली कशी, ते रद्द करायच्या पानावरच ‘अमुक तारखेपर्यंत वापरता येईल’ असं लिहिलेलं असतं. तिकडे न बघता शेवटच्या संध्याकाळपर्यंत ‘बघूया मगे’ म्हणा. ॲपलवाले ट्रायल संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करायला सांगतात, तर सांगू देत. त्या संध्याकाळी पाऊस लागतो, लाइट जाते, टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं. भिजून कोण जाणार?

एक धोका मात्र आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं बंधन आहे. त्या मेसेजमध्ये रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. नाव बहुधा ॲपचं नसून मागच्या कंपनीचं असतं, त्यामुळे ‘कोण मेला हा’ म्हणत तो कर्जाच्या जाहिरातींबरोबर पुसून टाकणं सोपं जातं.

आता सगळ्यांत खात्रीचा उपाय: ॲप फोनवरून काढून टाका. चित्र गेलं, मन शांत झालं, वर्गणी जागच्या जागी. हे ज्यांना पटत नाही ते प्ले स्टोअर उघडतात, प्रोफाइलच्या फोटोवर दाबतात, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करतात. आयफोनवाले सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर दाबून तिथलं सबस्क्रिप्शन उघडतात. तुम्ही तिथे गेलातच तर आजोबांच्या खात्यातून जा, म्हणजे भाच्याच्या मेलवर घेतलेली ट्रायल दिसणार नाही आणि रिकामी यादी बघून सुटलो म्हणता येईल. पावती शोधू नका. ऑर्डर नंबर ‘जीपीए’ने सुरू झाला तर व्यवहार प्ले स्टोअरमधून झालेला असतो, नसेल तर सेवेच्या वेबसाइटवर लॉगिन करून रद्द करावं लागतं, आणि एवढं कळलं की घोटाळाच संपला.

रद्दच्या वाटेवर ‘चालू ठेवा’ ठळक रंगात आणि ‘तरीही रद्द करा’ फिकट राखाडी असतं. मध्ये कारण विचारतात, अर्धी किंमत देऊ करतात, महिनाभर थांबवा म्हणतात. थांबवणं निवडा, महिन्याने आपोआप चालू होतं. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला असल्या १३ क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावानिशी आहे. पण एवढी मेहनत घेऊन केलेली पानं वाया कशी घालवायची?

काकूंच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेला हात लावू नका. तिथे मँडेट रद्द करायला पुन्हा पिन लागतो आणि काकू या वेळी प्रश्न विचारतील. त्यापेक्षा खातं रिकामं ठेवा. पहिला प्रयत्न फसला तर ऑटोपे आणखी तीनदा करून बघू शकतो. मधल्या वेळात काकूंची पेन्शन जमा झाली की झालंच.

आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट काढू नका, मेल जपू नका. तो असला की ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करताना तारीख आणि ऑर्डर नंबर लगेच सांगता येतो. प्ले स्टोअरकडे पैसे परत मागायचे तर पहिल्या ४८ तासांत मागणं सोयीचं असतं. ते ४८ तास ‘ॲप तर काढलं होतं, मग पैसे कापले कुणी’ यावर पडवीत गजाली करण्यात घालवा.