मावशीचा प्रश्न मी लिहून घेतला नव्हता

आज दुपारी एक सहकारी किनाऱ्यावरच्या वस्त्यांबद्दल सहज बोलून गेला, "समुद्र आत येतोय हे दिसतंय ना, मग ही माणसं उठून दुसरीकडे का जात नाहीत?" तेव्हा मी गप्प बसले. ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा मच्छीमार वस्तीत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची, म्हणजे लाटांनी किनारा खचू नये म्हणून घालायच्या दगडी भिंतीची, बैठक होती. मी इतिवृत्त लिहायला गेले होते. बैठकीआधी एक म्हातारी मावशी मला पाण्याशी घेऊन गेली. लांब पाण्यात एका झाडाचा खुंट उभा होता, लाट ओसरली की तेवढा दिसायचा. म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या सावलीत जाळी विणायचो." बैठकीत तिने एकच विचारलं, "भिंत घालाल, पण होड्या वर कुठून घ्यायच्या?" साहेब म्हणाले, तो मुद्दा नंतर घेऊ.

तो 'नंतर' आलाच नाही.

१९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली. वीतभर! ऐकायला काहीच नाही. पण सपाट किनाऱ्यावर वीतभर पाणी चढलं की ते आत किती पावलं येतं, आणि उधाणाला वाऱ्याची साथ मिळाली की गोड्या विहिरीचं काय होतं, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. आणि ज्या धुराने हवा तापून समुद्र चढतोय, त्यात त्यांचा धूर कितीसा? होडीवर पोट असलेल्यांनी हवा तापवली का?

"उठून जा" म्हणे! अलास्कातल्या न्यूटॉक गावाने १९९६ मध्ये मतदान करून ठरवलं की आपण हलायचं. पहिली कुटुंबं नव्या जागी राहायला गेली २०१९ मध्ये. जायला तयार असलेल्या माणसांची २३ वर्षं गेली. कुठे जायचं, कोणाच्या पैशाने, आणि तिथून समुद्र किती लांब, हे कोण सांगणार?

हो, काही गावं हलवावी लागतील. काही ठिकाणी भिंतीवाचून इलाज नाही, तेही मान्य. पण ठरवू द्या त्यांना! फिजीतलं वुनिदोगोलोआ २०१४ मध्ये साधारण २ किलोमीटर आत गेलं, ते गावकऱ्यांनीच मागितलं म्हणून. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली. आता तशाच वादळांत बळी कितीतरी कमी जातात. निवारे बांधले, इशारे वेळेवर मिळू लागले, हे आहेच. पण भोंगा घेऊन दारोदार फिरतात ते त्याच गावांतले स्वयंसेवक, त्यात बायका मोठ्या संख्येने. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे हे त्यांना विचारावं लागत नाही.

२०२२ मध्ये इजिप्तमधल्या हवामान परिषदेत, हवामानबदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांच्या हानी-नुकसानीसाठी निधी उभारायचं मान्य झालं. बरं वाटलं होतं मला, खरंच. पण तो पैसा मावशीच्या उंबऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जाणार? अर्ज कोण भरणार तिचा?

बंधारा झाला. भक्कम झाला, मागची घरं वाचली, ते नाकारत नाही. पण लाटेचा जोर भिंतीच्या टोकाशी वळला आणि तिथली पुळण खरवडत गेला. टोकापलीकडचं तिसरं घर मावशीचं. मी पुन्हा गेले तेव्हा तिचा मुलगा आणि आणखी चौघं होडी त्या दगडांवरून ओढत होते. होडीच्या तळाला फळकुटाची ठिगळं. मावशी मला काही बोलली नाही. बस म्हणाली, पाणी दिलं.

ते इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. "ग्रामस्थांनी सहमती दर्शवली" असं मी त्यात लिहिलंय. तिचा प्रश्न त्यात नाही.

उद्या ते कागद घेऊन बंधाऱ्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयात जाणार आहे. होड्या चढवायला उतार ठेवा, भिंतीच्या टोकाचं काय करायचं ते वस्तीत बसून ठरवा, असं लेखी देणार आहे. पहिल्या ओळीत मावशीचा प्रश्न असेल, तिच्याच शब्दांत.