साडेतीनशेचा डबा

खराब निघाला असता तर मी आज सुखी असतो राजेहो. जत्रेतून स्वस्तातली वस्तू आणायची, ती संक्रांतीच्या आत बंद पडायची, मंग बाबांनी "मी म्हनलोच होतो" म्हणायचं अन् मी मान खाली घालून जेवायचं, असा आमच्या घरचा वर्षानुवर्षाचा नियम आहे. टॉर्चचं तसंच झालं, डास मारायच्या बॅटचं तसंच झालं, चार्जिंगवाल्या रेडिओनं तर घरी येईपर्यंत बी दम धरला नाही. हा गेमचा डबा मात्र चालूनच राहिला आहे, अन् त्याच्या चालण्यापायी घरातली बाकी सगळी कामं बंद पडली.

आमच्या अमरावती जिल्ह्यातली बहिरमची जत्रा 20 डिसेंबरला लागते ती पार जानेवारी संपेपर्यंत. आमचं गाव चांदूर बाजारच्या अलीकडं, म्हणून दरवर्षी एक चक्कर असतेच. नाव देवाचं, पाय हंडीतल्या मटणाकडं अन् रोडग्याकडं. तर जेवण झाल्यावर पोट्ट्यानं एका दुकानासमोर बस्तान मांडलं, मी उचलतो तर उठेना. दुकानदार म्हणे सातशे. मी म्हटलं तीनशे. तो म्हणे, "भाऊ, चारशे गेम हायेत याच्यात, तुम्ही गेमचा एक रुपया बी देत नाही." शेवटी साडेतीनशेला तुटलं. येताना गाडीवर मी हिशोब केला, एका गेमचे साडेसत्त्याऐंशी पैसे पडले. आता या पैशात लिमलेटची गोळी बी येत नाही.

घरी आल्यावर बायकोनं खोकं पाहिलं, त्याच्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, एस यू पी. "सूप?" ती म्हणाली. "घरात दोन सुपं हायेत न अवो, हे कायले आनलं? याच्यात पाखडता काय?"

माझी अपेक्षा काय होती, तर लहानपणी आपल्याजवळ तो ब्रिक गेम असायचा, करड्या पडद्यावर काळे ठोकळे पडत राहायचे, वर 9999 गेम लिहिलेलं अन् खरे गेम मोजून दहा-बारा, तसंच काहीतरी असंल. बटन दाबलं अन् तीन इंची पडद्यावर रंगीत यादी आली. पहिल्याच पानावर मारिओ. मी स्टार्ट दाबलं अन् तो टुडुडु टुडु सुरू झाला तसा माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. पडदा एकदम चकाचक, बटनं मऊ, मारिओ उडी म्हटलं की उडी मारते, अडकत नाही, थांबत नाही. माझा बारा हजाराचा मोबाईल साधं कॅलक्युलेटर उघडायला विचार करते अन् हे साडेतीनशेचं डबडं हुकमासरशी पळून राहिलं! चारशे गेम म्हणजे मात्र चारशे नाही हं, एकच गेम तीन-तीन नावानं येते, नुसता रंग बदलून, जसा एकच माणूस तीन योजनांच्या यादीत सापडते तसा. पण खरेच्या खरे बी भरपूर आहेत.

मला राहवलं नाही. एवढं स्वस्त अन् एवढं चांगलं म्हणजे कुठंतरी गोम असणार, म्हणून रात्री बसून वाचून काढलं. तर हे मूळ मशीन जपानात निंटेंडोनं काढलं 15 जुलै 1983 ला, म्हणजे कपिलदेवनं लॉर्ड्सवर कप उचलला त्याच्या बरोब्बर वीस दिवसांनी. त्याच्यात दोन केबीची मेमरी. दोन केबी! आपल्या ग्रुपवर सकाळी गुलाबाचं फूल अन् शुभ सकाळ येते न, 1985 चा अख्खा मारिओ, बत्तीस लेव्हल, राक्षस, राजकन्या, गाणं सगळं धरून चाळीस केबीत बसलेला आहे, तुमचं ते फूल त्याच्यापेक्षा जड असते. तर ते सगळं मशीन आता पुरं एका चिपमध्ये मावते, अन् ती चिप पाटीवर चिकटवून वरून काळा गोंद ओततात, वाळला की डांबराचा थेंब पडल्यासारखा दिसते. मी मागचे स्क्रू काढून पाहिलं, खरंच काळा थेंब. बाकी आत काय, बटनाचे रबर, एक एवढासा स्पीकर, झालं. म्हणून स्वस्त. अन् दुसरं कारण हे की ज्यांनी हे गेम बनवले त्यांना माझ्या साडेतीनशेतला एक पैसा बी गेला नसंल, हे चोरीचंच लोणी आहे. मला थोडं वाईट वाटलं, मंग लेव्हल सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पोट्टा काँट्रा नावाच्या गेमात मरून मरून रडायला आला. मी डबा हातात घेतला, अन् काय सांगू, मेंदूला न विचारता बोटंच चालली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. तीनाच्या ठिकाणी तीस जीव. मला सतराचा पाढा येत नाही, लग्नाची तारीख दरवर्षी हुकते, पण हे तीस वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं. पोट्ट्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की दहावीच्या निकालाला बी मला घरात एवढा मान मिळाला नव्हता.

इथपर्यंत ठीक होतं. मंग बायकोनं एकदा "पाहू बरं" म्हणून घेतला.

आता याच्यात एकच वाईट गोष्ट आहे, गेम सेव्ह होत नाही. बंद केला की पहिल्यापासून. म्हणून बायको बंदच करत नाही, पॉज करते. भाकर तव्यावर, मारिओ पॉजवर. भाजीला फोडणी दिली की दोन उड्या, कुकरच्या तीन शिट्ट्यात एक किल्ला. कोणी हात लावायचा नाही, चार्जर लावतानाही धक्का लागायचा नाही. मी तिला 1-2, म्हणजे पहिल्या दुनियेतल्या दुसऱ्या लेव्हलमधला, वरून जायचा चोररस्ता दाखवला तिथून ती थेट चौथ्या दुनियेत, अन् 4-2 ची वेल तिनं स्वतःच शोधली, आठवीत पोचली. त्या दिवसापासून आमच्याकडं जेवण साडेनवाला. डब्यासोबत पिवळी वायर आली होती, ती पोट्ट्यानं आमच्या डब्ब्याच्या टीव्हीला खोचली, तर आईची सिरियल गेली अन् रणगाडे आले. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. बाबा तेवढे लांबून म्हणायचे, "पोट्ट्याहिचे डोये जातीन अन् घर बी जाईन." त्यांनी डब्याला हात लावला नाही. फक्त मला रोज सकाळी आवाजाचं चाक शून्यावर सापडायचं, ते कोण करते ते काही समजत नव्हतं.

खरा घोटाळा हरभऱ्याच्या ओलितानं केला. आमच्याकडं शेतीची लाईन एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. रात्रीच्या हप्त्यात माणसानं थंडीत रानडुकरांच्या सोबतीनं बसायचं अन् दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे. झोप लागू नये म्हणून, निव्वळ त्याच्यासाठी, मी डबा सोबत नेला. बॅटरी तीन-चार तास पुरते, वावरात चार्जिंग कुठलं? तर आत पाहिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं की याची बॅटरी म्हणजे बीएल-5सी, तीच ती चापट, जुन्या नोकिया 1100 ची. अन् आमच्या आजीच्या बटनाच्या फोनात बी तीच. आजी आठ वाजता झोपते. रात्री तिला फोन कोण करणार?

मी काढली. सकाळी टाकून देईन म्हटलं.

त्या रात्री मी माझा मोबाईल सायलेंटवर टाकून कोठ्यात खाटेखाली ठेवला अन् थेट आठव्या दुनियेत शिरलो. आठ-चारमध्ये बरोबर पाईपात नाही घुसलं तर माणूस फिरून फिरून त्याच ठिकाणी येते. तो पाईप शोधता शोधता हे पाईप राहून गेले. एकाच पट्ट्याला रात्रभर पाणी. सकाळी हरभऱ्यात घोट्याएवढा चिखल अन् बाजूच्या ओळी कोरड्या ठक्क. घरी येऊन मी डबा पलंगावर टाकला अन् झोपलो, बॅटरीचं डोक्यातूनच गेलं. दोन दिवस गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात ऑटो थांबला. आजीची लहान बहीण, वरुडची मावशीआजी, सोबत तिचा लेक, सून अन् आणखी तिघं. दोन दिवसांपासून बहिणीचा फोन बंद, माझ्या फोनवर सात मिस कॉल कोणी उचलेना, तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. ऑटोतून उतरतानाच तिनं सूर लावला, "अवं माय माये बाई वं!" आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं पाहिलं, बहीण रडत येऊन राहिली, म्हणजे वरुडलाच कोणीतरी गेलं. तिनं शेंगा फेकल्या अन् तिच्यावरचा सूर लावला. दोघी गळ्यात गळा घालून पाच-सात मिनिटं रडल्या, शेजारच्या चार बाया येऊन त्याही लागल्या, सुनेनं आजीलाच आजी गेल्याचं सांत्वन केलं. शेवटी बाबा म्हणाले, "पन गेलं कोन?"

सगळं गप. मावशीआजीनं आजीला चिमटा काढून पाहिला.

मंग चौकशी बसली. आजीनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला, बाबांनी मागचं झाकण उघडलं, आत रिकामं. सगळे माझ्याकडं पाहू लागले, कारण आमच्याकडं काही हरवलं की माझ्याकडंच पाहतात. तेवढ्यात आतल्या खोलीतून टुडुडु ऐकू आलं.

"सूनबाई," बाबा ओट्यावरूनच ओरडले, "काढ तो सेल अन् आन इकडं!"

आतून आवाज आला, "बाबा, दोन मिनिटं थांबा नं, आठ-चारमंदी हावो मी!"

बाबा उठले, दारापाशी गेले, एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं, अन् आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"पाईप कोनता घेतला?"