गळाला लागलेला सभासद

क्लबाच्या तळ्यावर गळ टाकायला दोन परवाने लागतात. सरकारी परवाना मासा धरण्याचा, क्लबाचा परवाना त्या काठावर बसण्याचा. पहिला आहे पण दुसरा नाही, तर तुम्ही घुसखोर. दुसरा आहे पण पहिला नाही, तर थेट गुन्हेगार. त्यातही सरकारी परवान्याचं वर्ष एका तारखेला संपतं, क्लबाचं दुसऱ्याच, आणि मासे नेमके या दोन तारखांच्या मधल्या फटीत खायला उठतात. इंग्लंडमध्ये गळाच्या दोन काठ्यांचा परवाना वेगळा आणि तीन काठ्यांचा वेगळा. जर्मनीत बहुतेक राज्यांत आधी परीक्षा द्यावी लागते: माशांच्या जाती, त्यांची शरीररचना, अवजारं, कायदा. माशाला मात्र गळ ओळखण्याची परीक्षा कुणी घेत नाही, तरी तो आपल्यापेक्षा जास्त वेळा पास होतो.

एक दिवसाचा परवाना घेणाऱ्याने ‘दिवस’ म्हणजे काय ते आधी विचारून घ्यावं. कुठे तो मध्यरात्री संपतो, कुठे परवाना घेतल्यापासून चोवीस तास चालतो, कुठे ‘सूर्यास्तानंतर एक तासापर्यंत’. हा तिसरा प्रकार सर्वांत गोड. सूर्यास्त रोज सरकतो, त्यामुळे कालचा कायदेशीर माणूस आज त्याच मिनिटाला बेकायदेशीर ठरू शकतो. परवाना मोबाइलमध्ये असेल तर छापील प्रतही जवळ ठेवा. रखवालदार येतो तेव्हा बॅटरी संपलेली असते, हा एकमेव नियम पुस्तिकेत लिहिलेला नाही आणि तोच कधी मोडला जात नाही.

माझी तक्रार सगळ्या नियमांवर नाही. माशासाठी केलेले नियम मला पटतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका म्हणतात, ते बरोबर आहे. गळ पटकन सुटतो, तोंड फाटत नाही. सपाट तोंडाच्या पकडीने काटा बाजूने हळूहळू दाबायचा. एकदम जोर लावला तर कडक पोलादाचं टोकच उडतं. मग गळ सुती कापडात टोचून मागे ओढायचा; धागा अडकला, तर काटा अजून जिवंत आहे. असा गळ वापरताना दोरी क्षणभरही सैल सोडायची नाही, नाहीतर मासा नमस्कार करून निघून जातो. मासा पाण्यातून उचलायची झोळी बिनगाठीच्या जाळीची का? गाठींनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि पर चिरतात. गळ बुडवायचं शिसं दोरीवर पक्कं बांधायचं नाही, कारण दोरी तुटली तर मासा ते वजन ओढत फिरतो आणि पाणवनस्पतीत अडकून मरतो. शिसं सरकतं ठेवलं तर ते गळून पडतं. झोळी कोरडी करून आणा किंवा जंतुनाशक टाकीत बुडवा, हेही मान्य. ओल्या जाळीतून रोग आणि परजीवी एका तळ्यातून दुसऱ्यात फुकट प्रवास करतात.

पण लांबीचा नियम! ‘३० सेंटीमीटरपेक्षा लहान मासा परत सोडावा.’ वाचायला सात सेकंद. मोजायला? पट्टी आधी ओली करा, हातही ओले करा, कारण कोरड्या पृष्ठभागाला तो बुळबुळीत थर चिकटून येतो. मासा आडवा ठेवा. तोंड मिटवा. नाक शून्याजवळच्या ठोकळ्याला टेकवा. मग शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत मिटवा आणि जे टोक लांब जाईल तिथला आकडा वाचा. ही झाली पूर्ण लांबी. एवढं होईपर्यंत माशाने नाक ठोकळ्यापासून हलवलेलं असतं. शेपटी उघडी ठेवली तर २९.४, मिटवली तर ३०.१, माणूस तोच, मासा तोच, अब्रू मात्र सात मिलिमीटरांवर टांगलेली. काही ठिकाणी शेपटीच्या बेचक्यापर्यंतच मोजतात, तिथे हाच मासा दोन-तीन सेंटीमीटरने बुटका होतो. आणि कापडी टेप पोटावरून फिरवणाऱ्यांपासून सावध राहा. पोटाचा फुगवटा टेपमध्ये जमा होतो आणि मासा जागच्या जागी वाढतो. कित्येक विक्रमांचं पोट असंच फुगलेलं असावं, असा मला दाट संशय आहे.

सोडायचा की ठेवायचा, यावर तर देशोदेशींचं एकमत नाही. अनेक क्लब म्हणतात, मासा सोडला नाहीत तर सभासदत्व रद्द. स्वित्झर्लंडमध्ये २००९पासून मुळात सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरणं निषिद्ध आहे. पुण्य एकच, पण सीमा ओलांडली की त्याचं पाप होतं.

मला छळतात ते माणसांसाठी केलेले नियम, आणि पुस्तिकेत ते माशांच्या नियमांशेजारी त्याच टायपात, त्याच ठसक्यात बसलेले असतात. ‘जोडून तयार ठेवलेली जादा काठी ही मासेमारी करणारी काठी समजली जाईल’, मग ती पाण्यापासून दहा पावलांवर झाडाला टेकलेली का असेना. ‘काठी सोडून जाऊ नये’: किती अंतर म्हणजे सोडणं, हे शौचालय कुठे आहे त्यावर ठरत नाही. ‘छत्री हिरवीच असावी.’ असल्या प्रत्येक कलमामागे कुणीतरी एक पूर्वज असतो, ज्याने कधीतरी काहीतरी केलं आणि त्याचं प्रायश्चित्त पुढच्या पिढ्या घेतात. फाटकाच्या कुलपाचा क्रमांक बदलल्याची सूचना फाटकाच्या आतल्या फलकावर लावणारा पूर्वज मला एकदा भेटायला हवा.

हंगाम संपला की पकड-नोंद भरायची, म्हणजे कुठले मासे किती धरले त्याचा तक्ता. मासा न मिळालेल्यांनीही भरायची, नाहीतर पुढच्या वर्षी परवाना नाही. कागदी तक्ता असेल तर पेन्सिलीने आणि काठावरच भरा. शाई ओल्या बोटांनी पसरते, आणि घरी गेल्यावर माशांचं वजन वाढतं. संगणकावरच्या तक्त्यात एकूण मासे: शून्य, असं लिहिता येतं. पण पुढच्या रकान्याला सक्तीची लाल चांदणी असते आणि माशाची जात निवडल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नाही. जातींची यादी लांबलचक असते. त्यात ‘नाही’ नावाचा मासा नसतो. मी ‘इतर’ निवडतो. मग तो लांबी विचारतो.