बातमी वाचू नका, सहभागी व्हा!

पूर्वी गल्लीतला दिवा बंद पडला की वाचक पेपरला पोस्टकार्ड टाकायचा. पंधरा दिवसांनी पत्र छापून आलं की कात्रण वर्षभर पाकिटात बाळगायचा. दिवा लागला की नाही, हा प्रश्न दुय्यम. ते दिवस गेले. आता पोर्टलवाले स्वतःच विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा.’ एवढा मान सासुरवाडीतही मिळत नाही, तेव्हा नाही म्हणू नका.

पथ्य एकच. बातमी वाचायची नाही. मथळ्यात पुढाऱ्याचं नाव दिसलं की पुढचं सगळं आपल्याला ठाऊकच असतं. आत शिरलात तर तारखा निघतात, दुसरी बाजू निघते आणि चांगलं कडक झालेलं मत उगाच मऊ पडतं. बातमी कोयनेच्या पाणीसाठ्याची असली तरी प्रतिक्रियेत नेहरू आलेच पाहिजेत.

नॉर्वेत मात्र भलताच आगाऊपणा झाला. तिथल्या एनआरके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या तंत्रज्ञान विभागाने २०१७ साली काही लेखांखाली अट घातली: आधी या लेखावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मग बोला. म्हणजे शाळा सुटली तरी धडा सुटेना! आपल्याकडे हे आणलं तर आठवड्यात गाईड निघेल, उत्तरं व्हॉट्सॲपवर फुटतील, क्लासवाले ‘हमखास प्रतिक्रिया बॅच’ काढतील. लेख कोणी वाचणार नाही, याची खात्री बाळगा.

ब्रिटनमध्ये ‘गार्डियन’ने २००९ साली खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांहून अधिक पानं वाचकांपुढे टाकली आणि म्हटलं, तपासा. वीस हजारांवर लोक खरंच तपासायला बसले. फुकट! आपण सोसायटीचा वार्षिक हिशेब चहा-सामोसे येण्याआधी ‘मंजूर, मंजूर’ म्हणून मोकळे होणारी माणसं. आपल्याला हे सोसणार नाही.

आपला प्रांत पावसाचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. ते पाणी केव्हाच ओसरलं, फोटो मात्र दर पावसाळ्यात नव्याने तुंबतात. पहिली सर आली की त्यातला एक काढा, ‘आत्ताचं दृश्य, हिंदमाता’ असं लिहा आणि पाठवून द्या. तुम्ही त्या वेळी इचलकरंजीत भजी खात असलात तरी बिघडत नाही. चूक निघालीच तर ‘आलं तसं फॉरवर्ड केलं’ हे वाक्य तयार ठेवा, ते सगळीकडे चालतं.

फक्त एक चूक कधी करू नका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, एका हाताने चप्पल आणि दुसऱ्याने मोबाइल सांभाळत खरा फोटो काढू नका. तो लागेल, नाही असं नाही. पण खाली तुमचं नाव नसेल, ‘सौजन्य : सोशल मीडिया’ असेल. आणि पहिली कमेंट तुमच्याच भावजींची असेल, ‘जुना फोटो आहे.’