तणसावर बसून पाहिलेलं नाटक

पुतण्याचा निरोप आला. यंदा गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, नाटक लावायचं नाही, मोठा एलईडी पडदा आणून रेकॉर्ड केलेलं नाटक दाखवायचं, असं ग्रुपवर ठरतंय. खर्च वाचतो म्हणे. वर कोणीतरी लिहिलं, "रात्रभर थंडीत कुडकुडत बसायचं मागासपण पुरे आता." तीन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मागास? मी राहतो त्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून दीड तासावर स्ट्रॅटफर्ड आहे. रेल्वेच्या कारखान्यावर जगणारं गाव. ते काम आटू लागलं तेव्हा १९५३ साली त्यांनी तंबू ठोकून नाटकं सुरू केली. आज लोक महाग तिकिटं काढून लांबून तिथे जातात, रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी बसतात. त्याला कोणी मागास म्हणत नाही. आमचं गडचिरोलीतलं वडसाही रेल्वेचंच गाव. तिथल्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर निघतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पालथे घालतात. या भागाला झाडीपट्टी म्हणतात; इथल्या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा याच ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता.

मी सहा हंगाम त्या रंगमंचावर काढले. आरमोरीकडच्या एका गावात आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाचं काम करत होतो. पहाटेचे तीन वाजले असतील. पुढे तणसावर चादर पांघरून बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि थेट मला म्हणाली, "काऊन बे, मायले असा बोलतोस?" सारं मैदान गप्प. विंगेतून प्रॉम्प्टरने पुढचं वाक्य दोनदा दिलं, माझ्या तोंडून निघेना. शेवटी खाली मान घालून बोललो. नाटक सुटल्यावर मी रंग पुसत होतो, तर ती मागे आली आणि डोक्यावर हात ठेवून गेली. पडद्यावरच्या मुलाला ती असंच बोलेल. तो थांबेल का?

इथे मंडळाच्या दिवाळीत मी दरवर्षी एकांकिका करतो. हॉल उबदार, खुर्च्या मऊ. लोक मन लावून बघतात, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवतात. मध्येच उठून मला कोणी काही बोलत नाही.

हे सगळं पुतण्याला लिहून पाठवलं. त्याने एवढंच विचारलं, "काका, तुम्ही समोर बसून शेवटचं नाटक कधी पाहिलं?"

नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गावाकडची नाटकं मी फोनवरच बघतो, रात्रपाळी संपवून गो ट्रेनने घरी येताना, कानात इअरफोन घालून. एका प्रयोगाचा खर्च मी उचलतो, असं त्याला कळवलं.

"पैशाचं होईल काका, तुम्ही या," म्हणाला. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.