पहिला वार ब्रूटसचा नव्हता

१५ मार्च, म्हणजे ज्युलियस सीझरच्या खुनाचा दिवस, जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हटकून येतो. मध्येच कुणी पक्ष बदलला तर मार्चपर्यंतही थांबत नाही. मजकूर साधारण असा: ‘रोमचा बलाढ्य सम्राट ज्युलियस सीझर. ज्योतिषाने आधीच बजावलं होतं, पण नशिबापुढे कुणाचं चालतं? जिवलग मित्र ब्रूटसनेच सत्तेच्या लोभापायी पहिला वार केला. “यू टू, ब्रूटस?” एवढं बोलून सीझरने प्राण सोडला. एकनिष्ठ अँटनीने पुढे मित्राला न्याय मिळवून दिला. म्हणून शत्रूपेक्षा जवळच्या माणसापासून सावध!’ खाली शेक्सपियरचं नाव, हात जोडलेले, आणि काका-मामांचे अंगठे.

यातलं निम्मं शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकात नाही आणि उरलेलं बरंचसं उलटं आहे. दरवर्षी सोडून देतो, यंदा राहवलं नाही.

‘सम्राट’ हे आधी उरकतो. सीझर सम्राट कधीच नव्हता. इ.स.पू. ४४च्या फेब्रुवारीत तो तहहयात डिक्टेटर झाला. रोमने राजे हाकलून तेव्हा साडेचारशेहून जास्त वर्षं झाली होती आणि ‘राजा’ हा शब्दच तिथे शिवीसारखा होता. पहिला सम्राट म्हणतात तो सीझरचा वारस ऑक्टेवियस, तोही इ.स.पू. २७ मध्ये ‘ऑगस्टस’ झाल्यावर. ही कीस काढण्याची हौस नाही. सीझर आधीच सम्राट असता तर नाटक उभंच राहत नाही, कारण सगळा कट ‘उद्या हा राजा झाला तर?’ या धास्तीवर रचलेला आहे.

पहिला वार कास्का या कटवाल्याचा. ‘हातांनो, आता तुम्हीच बोला,’ असं म्हणत तो मागून मानेवर वार करतो. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहिलेल्या चरित्रातही पहिला कास्काच, आणि शेक्सपियरने कथानक उचललं ते तिथूनच. थॉमस नॉर्थने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १५७९ मध्ये छापलं गेलं होतं. ‘यू टू’ मात्र कुणाचंच नाही. नाटकात ऐन इंग्रजी संवादात सीझर लॅटिनमध्ये ‘एत तू, ब्रूते?’ म्हणतो. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार लिहितो की पहिल्या घावाला सीझर नुसता कण्हला, बोलला काहीच नाही; काहींच्या सांगण्यानुसार मात्र तो ग्रीकमध्ये ‘तूसुद्धा, पोरा?’ म्हणाला. अंगावर २३ जखमा होत्या आणि वैद्याच्या मते त्यातली एकच जीवघेणी होती. नाटकात त्या ३३ होतात.

आता ‘जिवलग मित्र’. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसच्या लढाईत ब्रूटस सीझरच्या विरुद्ध, त्याचा प्रतिस्पर्धी पाँपीच्या बाजूने उभा होता. हरल्यावर सीझरने त्याला माफ केलं, पदं दिली. सीझरचा त्याच्यावर जीव होता यात वाद नाही, पण खांद्याला खांदा लावून लढलेला ब्रूटस दुसराच होता: डेसिमस ब्रूटस. गॉलच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) मोहिमेत तो सीझरच्या हाताखाली होता, आणि सीझरच्या मृत्युपत्रात पर्यायी वारसांमध्ये त्याचं नाव होतं. नाटकात तो ‘डेशियस’ म्हणून येतो, आणि त्याचा प्रवेश सावकाश वाचण्यासारखा आहे. सीझरची बायको कॅल्पुर्नियाला रात्री स्वप्न पडलंय: सीझरच्या पुतळ्यातून कारंज्यासारखं रक्त उडतंय आणि रोमन लोक हसत त्यात हात बुडवताहेत. सीझर घरीच थांबायचं ठरवतो. तेवढ्यात हा न्यायला येतो. स्वप्नाचा अर्थ चुकीचा लावलात म्हणतो. रोमला तुमच्या रक्तातून नवं जीवन मिळणार असं ते शुभस्वप्न आहे. सिनेट आज तुम्हाला मुकुट देणार आहे, गेला नाहीत तर विचार बदलेल. आणि वर, सीझरच्या बायकोला बरी स्वप्नं पडेपर्यंत सभा तहकूब, अशी थट्टा करायलाही कुणी कमी करणार नाही. झालं, सीझर झगा मागवतो. ‘जवळच्यापासून सावध’ ही शिकवण कुणाला लागू पडत असेल तर या माणसाला. पण शिवी म्हणून नाव चिकटलं ते भलत्याच ब्रूटसला.

नशिबाचं तर याच प्रवेशात दिसतं. शकुन-अपशकुन नाटकात भरपूर आहेत, पण त्यांचा अर्थ प्रत्येक जण सोयीने लावतो. वादळी रात्री सिसेरो हा सिनेटर कास्काला नेमकं हेच सुनावतो, आणि मला विचाराल तर नाटकाची किल्ली तिथे आहे. ज्योतिषी सीझरला १५ मार्चपासून सावध राहायची सूचना देतो, सीझर ‘हा स्वप्नाळू आहे, चला’ म्हणून पुढे जातो. आर्टेमिडोरस हा हितचिंतक तर कटवाल्यांची नावंच कागदावर लिहून देतो. प्लुटार्क सांगतो की सीझरला तो कागद वाचायचा होता, गर्दीमुळे जमलं नाही. शेक्सपियर इथे मुद्दाम बदल करतो. आर्टेमिडोरस गयावया करतो की हे तुमच्या स्वतःबद्दल आहे, आधी वाचा. आणि सीझर म्हणतो, स्वतःबद्दलचं असेल ते सगळ्यात शेवटी बघू. प्लुटार्ककडे नशिबावर ढकलता येत होतं. शेक्सपियरने ती सोय काढून घेतली आणि सीझरचा तोरा पुढे केला.

‘दोष आपल्या ग्रहताऱ्यांत नाही, आपल्यात आहे’ हे कटाचा सूत्रधार कॅशियसचं वाक्य पोस्टरवर फार फिरतं. त्या कॅशियसचं शेवटी काय होतं? फिलिपायच्या रणात, अँटनी आणि ऑक्टेवियसच्या सैन्याशी लढताना, त्याचा मित्र टिटिनियस घोडेस्वारांच्या गराड्यात दिसतो, आरडाओरडा ऐकू येतो. मित्र पकडला गेला असं समजून कॅशियस स्वतःला मारून घेतो. ते घोडेस्वार आपलेच होते, आणि ओरडा विजयाचा होता.

ब्रूटसला सत्तेचा लोभ? त्याच्या बागेतलं स्वगत वाचा. सीझरशी माझं वैयक्तिक वाकडं काही नाही असं तो स्वतःशीच कबूल करतो. सीझरने आजवर तसं काही केलेलं नाही हेही कबूल करतो. मग काय, तर तो सापाचं अंडं आहे, फुटण्याआधी ठेचावं. लोभ नाही म्हणून मी त्याला सोडून देत नाही; निव्वळ ‘उद्या असं होईल’वर माणूस मारणं मला लोभापेक्षा जास्त भयानक वाटतं. लोभी माणसाशी निदान सौदा तरी करता येतो.

त्याचा खरा घोटाळा पुढारीपणात आहे. कटातला व्यवहारी डोक्याचा माणूस कॅशियस, आणि ब्रूटस त्याचं दरवेळी मोडून काढतो. शपथ घेऊ या? नको. सिसेरोला घेऊ या? नको. अँटनीलाही संपवू या? नको, आपण यज्ञ करणारे, खाटीक नव्हे. अँटनीला अंत्यविधीत बोलू देऊ नकोस, असं कॅशियस बाजूला घेऊन बजावतो. ब्रूटस म्हणतो, आधी मी बोलेन, मग तो. बोलतो, आणि अँटनीला ऐकून घ्या असं सांगून स्वतः निघून जातो! पुढे छावणीत कॅशियसला लाचखोरीवरून झापतो आणि त्याच दमात विचारतो की मी पैसे मागितले तेव्हा का दिले नाहीस, कारण वाईट मार्गाने पैसा उभा करणं मला जमत नाही. असा सचोटीचा साहेब ज्यांना लाभलाय त्यांना कॅशियसचं दुःख कळेल.

ब्रूटसच्या भाषणावर गर्दीतून काय आवाज येतो माहीत आहे? ‘यालाच सीझर करा!’ ज्यासाठी खून केला ते त्याच्या श्रोत्यांना काडीइतकंही कळलेलं नाही, आणि कळलेलं नाही हे त्याला कळत नाही.

राहिला अँटनीचा न्याय. त्याचं भाषण शाळेच्या स्पर्धांत पाठ करून म्हणतात, टाळ्या पडतात आणि पुस्तक मिटतं. पण पुढच्याच प्रवेशात भडकलेला जमाव सिन्ना नावाच्या कवीला गाठतो. तो ओरडतो, कटातला सिन्ना मी नव्हे, मी कवी आहे. लोक म्हणतात, नाव सिन्ना आहे ना, मग पुरे. तिथेच त्याचा जीव घेतात.

त्यानंतर सत्तेचे नवे तीन भागीदार, अँटनी, ऑक्टेवियस आणि लेपिडस, एकत्र बसून कुणाकुणाला मारायचं याची यादी करतात. अँटनी सख्ख्या भाच्याच्या नावावरही खूण करतो. सभेत हेच सीझरचं मृत्युपत्र उंचावून त्याने लोकांना रडवलं होतं: माणशी ७५ द्राख्मा, शिवाय टायबरकाठच्या बागा. आता तो लेपिडसला सांगतो की ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातली देणी कुठे छाटता येतात ते बघू. लेपिडस निघतो. त्याची पाठ वळते न वळते तोच अँटनी ऑक्टेवियसला म्हणतो: हा निरोप्या म्हणून ठीक आहे, गाढवासारखं ओझं वाहू दे, मग कान हलवत चरायला सोडून देऊ.