चोडणची पक्षीफेरी पंचांग पाहून ठरवा

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की चोडणच्या धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे तिवरांचे वन लागते. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८८ मध्ये, म्हणजे सलीम अलींच्या निधनानंतरच्या वर्षी, घोषित झाले. येथे मार्गदर्शकासह निघणाऱ्या पक्षीफेऱ्यांबद्दल माझी तक्रार एकच आहे: बरेच आयोजक सरसकट सकाळी सातची वेळ लावून मोकळे होतात.

डोंगरातल्या जंगलात पहाट गाठणे योग्यच. खाडीतल्या पक्ष्यांचे पोट मात्र पाण्याच्या चढउतारावर चालते. ओहोटी लागून चिखल उघडा पडला की खेकडे, किडे आणि गोगलगायी टिपण्यासाठी तुतवार, ढोकरी, समुद्र बगळे खाली उतरतात. भरतीत हेच पक्षी झाडीत किंवा बांधावर अंग चोरून बसतात आणि महागड्या दुर्बिणी घेऊन आलेली मंडळी नुसती हिरवी पाने पाहून परततात. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असताना फेरीची वेळ तीच कशी राहू शकते?

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा कोकणातला जुना हिशेब आहे. गोव्यात थोडा फरक पडतो, पण अंदाजाला तो पुरतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असेल, तर सात वाजता चिखल दिसायचा कसा? तृतीया-चतुर्थीला मात्र सकाळी पाणी उतरत असते. होडीने जायचे असल्यास हे उतरते पाणीच बरे, कारण पूर्ण ओहोटीत अरुंद फाट्यांमध्ये होडी रुतते.

अशा उतरत्या पाण्यात एका जाणत्या मार्गदर्शकाने आम्हांला बराच वेळ एकाच जागी थांबवले होते. त्याने तिवराचे पान जिभेला लावायला सांगितले. झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे कण त्यावर चक्क चमकत होते. समोर निवट्या नावाचे मासे चिखलावर उड्या मारत होते आणि खालच्या फांदीवरचा काळ्या टोपीचा खंड्या, लालभडक चोच खाली रोखून, एका खेकड्यावर नजर ठेवून होता. (यादी वाढवण्याची घाई असलेले दोघे तोवर कंटाळून मोबाईल पाहू लागले होते.)

तेव्हा नावनोंदणी करताना किती पक्षी दिसतील हे विचारण्याऐवजी त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, हे विचारावे. मार्गदर्शकाने अकराची वेळ दिली तर उन्हाची टोपी घेऊन अकरालाच जावे.